सहार ते गिरगाव : सहकुटुंब, सहपरिवार

नागपूरहून मुंबईला विमानाने यायला सव्वा-दीड तास पुरतो. पण मुंबईच्या विमानतळावरून गिरगावात शिरायला किती वेळ लागेल, हे छातीठोकपणे सांगणारा ज्योतिषी अद्याप जन्माला यायचा आहे. एका पावसाळ्यात मी हे अंतर साडेतीन तासांत कापले होते. तेवढ्या वेळात दुसऱ्या एखाद्या विमानाने मला दुबईला नेऊन सोडले असते. तेव्हा 'विमानाने गेलो म्हणजे लवकर पोचलो' असे जे म्हणतात, त्यांचे मुंबईत कोणी नातेवाईक नसावेत.

२०२५च्या डिसेंबरात आम्ही पाच जणांनी हा प्रवास केला. मी, सौभाग्यवती, कॉलेजात जाणारी कन्या, नववीतले चिरंजीव आणि माझी आई. निमित्त होते मावशीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे. मावशी ठाकुरद्वारच्या बाजूला एका वाडीत राहते. ती आईहून तीन वर्षांनी धाकटी. म्हणजे आईला चौऱ्याऐंशी. आईचे गुडघे कुरकुरतात, दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झालेले आहे. पण जीभ आणि स्मरणशक्ती या दोहोंना अजून काही म्हणता काही झालेले नाही. सामान म्हणाल तर दोन बॅगा, संत्र्यांचे एक खोके आणि आईची कापडी पिशवी. नागपूरचा माणूस संत्री न घेता मुंबईला गेला, तर त्याला दारातूनच परत पाठवतात अशी आमच्याकडे समजूत आहे.

त्या कापडी पिशवीत आईचा अडकित्ता होता. नागपूरच्या विमानतळावर शिपायाने तो बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि 'हे वर नेता येणार नाही' म्हणून सांगितले. आईने त्याला विचारले, "अरे, चौऱ्याऐंशी वर्षांची बाई अडकित्त्यानं विमान कातरणार आहे का?" तो बिचारा हसला, पण नियम तो नियम. शेवटी मोठ्या बॅगेचे कुलूप उघडून अडकित्ता आत गेला. मुंबईत पट्ट्यावरून बॅग आली, तशी आईने पहिली ती उघडायला लावली आणि अडकित्ता परत पिशवीत टाकला. इतका वेळ तो परक्यांत राहिला हे तिला आवडले नव्हते.

पण हा प्रवास एवढा सविस्तर सांगण्याचे कारण अडकित्ता नव्हे. कारण असे, की आईने एक शपथ घेतली होती.

गिरगावात रस्त्यालगतच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या दोन खोल्या होत्या. १९६२ साली आई लग्न होऊन दादरहून तिथे आली. मी तिथेच जन्मलो, गॅलरीच्या कठड्यातून डोके बाहेर काढून ते अडकवून घेतले, आणि खालच्या रस्त्यावरून गणपती जाताना पाहत मोठा झालो. पुढे मुंबईच्या पोटातून मेट्रो न्यायचे ठरले, गिरगावात तिचे स्थानक व्हायचे ठरले, आणि त्याच्या वाटेत ज्या इमारती आल्या त्यांत आमची चाळ निघाली. २०१७ साली आम्ही ती रिकामी केली. व्यवहारात कोणी फसवले असे मी म्हणणार नाही. चाळ म्हातारी झाली होती, जागोजागी टेकू लागले होते, आणि त्याच भागात नव्या इमारतीत जागा देण्याबद्दलचे कागद आमच्या कपाटात आहेत. निघायच्या दिवशी आईने रिकाम्या खोलीतला केर काढला. "पाडायचीच आहे ती, आता केर कसला काढतेस?" असे वडील म्हणाले. "पाडायला येतील त्यांना काय वाटेल?" असे तिचे उत्तर. मग जिना उतरून ती रस्त्यावर आली, समोर उभ्या केलेल्या पत्र्यांकडे पाहिले आणि आम्हा सगळ्यांदेखत सांगितले, "माझं घर गिळून जी गाडी धावणार आहे, तिच्यात मी पाय ठेवायची नाही."

नागपूरला आल्यावर दोन वर्षांनी वडील गेले. गिरगावचा विषय आमच्या घरात जरा जपूनच निघू लागला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी या भुयारी मार्गाचा शेवटचा, वरळीपासून कफ परेडपर्यंतचा टप्पा सुरू करण्याचा समारंभ झाला. त्याच दिवशी नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले. दूरदर्शन संचावर दोन्हींची चित्रे दाखवीत होते. विमानतळ आई पाहत बसली. मेट्रो आली, तशी उठून दूध तापवायला गेली.

वाचकांपैकी जे मुंबईचे नाहीत त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईचा विमानतळ हा जुन्या मुंबईत नाहीच. तो साष्टीत आहे. मूळची मुंबई हे बेट. माहीमच्या खाडीपलीकडे वांद्रे लागले की साष्टी बेट सुरू. आज दोन्ही इतकी एकमेकांत मिसळली आहेत की हे सांगितले तर मुलांना खोटे वाटते. पण जुहूला १९२८ साली पहिला विमानतळ झाला तोही खाडीपलीकडे, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने सांताक्रूझला जो तळ वापरला, ज्याचा पुढे मोठा विमानतळ झाला, तोही खाडीपलीकडेच. म्हणजे विमानाने आलेल्या माणसाला मुंबईत शिरायचे तर आधी खाडी ओलांडावी लागते. पूर्वी तर ही खाडी होडीने ओलांडीत, आणि पावसाळ्यात होड्या उलटत. सरकार पूल बांधीना, तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई या पारशी बाईंनी आपल्या पदरचे दीड लाखावर रुपये देऊन १८४०च्या दशकात माहीमचा बांध घालविला. विमानातून उतरलेल्या कित्येक पिढ्या या बाईंच्या पैशावरून मुंबईत आल्या, याची जाणीव किती जणांना असेल कोण जाणे.

आमच्या घरात विमानतळ पहिल्यांदा आला तो १९७७ साली, मामाच्या रूपाने. मामा जर्मनीहून सहा वर्षांनी परत येत होता. तेव्हा परदेशची विमानेही सांताक्रूझलाच उतरत. सहारचे नवे टर्मिनल १९८१ साली सुरू झाले. मामाला आणायला आमच्याकडून सात आणि शेजारच्या बिऱ्हाडांतून पाच अशी बारा माणसे निघाली. त्यांतल्या निम्म्यांनी मामाला पूर्वी पाहिलेलेही नव्हते, पण विमानतळ पाहायचा होता. आम्ही चर्नी रोडहून लोकलने सांताक्रूझला आणि तिथून बसने विमानतळावर गेलो. येताना मात्र दोन टॅक्स्या. काळ्या-पिवळ्या फियाट. मामाच्या बॅगा टपावरच्या कॅरियरवर चढल्या. टॅक्सीवाल्याने सुंभाची दोरी अशी काही आवळली की मामा 'बॅगेचं कातडं जाईल हो' म्हणून कळवळला. टॅक्सीवाला म्हणाला, "साहेब, कातडं जाईल, बॅग नाही जाणार."

त्या टॅक्सीत मी आईच्या मांडीवर पाय दुमडून खिडकीशी बसलो होतो. दहा वर्षांचा होतो. मला त्या प्रवासातले सगळ्यांत लख्ख आठवते ते दृश्य नव्हे, वास. माहीमच्या बांधावर गाडी आली आणि खाडीचा तो कुजका, खारट, सुक्या मासळीचा वास आत घुसला. सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले. मामाने तेवढा काच खाली केला, डोके बाहेर काढले आणि छाती भरून श्वास घेतला. "आली मुंबई!" म्हणाला. मग शिवाजी पार्क, वरळी, हाजी अली, पेडर रोड, केम्प्स कॉर्नरचा तो वळणदार उड्डाणपूल, ऑपेरा हाऊस आणि गिरगाव. चाळीखाली टॅक्सी थांबली तेव्हा तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. मामाने नंतर कबूल केले, की जर्मनीत सहा वर्षांत त्याला एवढी माणसे एका वेळी पाहायला आली नव्हती.

त्या फियाट टॅक्स्या आता गेल्या. वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. टपावरचे कॅरियरही बहुतेक तिच्याबरोबरच गेले. मधल्या काळात विमानतळाची दारेही बदलली. सहारचे टर्मिनल पाडून तिथे २०१४ साली नवे, मोराच्या पिसाऱ्यासारख्या छताचे टर्मिनल दोन उभे राहिले, आणि खाडीवर बांधाच्या पश्चिमेला २००९ साली वांद्रे-वरळीचा सागरी सेतू आला.

असो. तर डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाचला, आम्ही पाच माणसे, दोन बॅगा, एक खोके आणि एक पिशवी अशी टर्मिनल दोनच्या बाहेर उभी होतो. कुटुंबासह विमानतळावरून बाहेर पडणे ही एक सभाच असते, आणि तिला अध्यक्ष नसतो. चिरंजीवांनी टॅक्सीचे भाडे आणि वेळ मोबाइलवर काढली होती. पाच माणसे आणि सामान एका साध्या टॅक्सीत मावत नव्हते. मोठ्या गाडीचे भाडे ऐकून सौभाग्यवतींनी 'यात नागपूरला परत जाता येईल' असे मत दिले. वेळ दाखवीत होता एक तास पन्नास मिनिटे. रिक्षाचा प्रश्नच नाही. माहीम-शीवच्या अलीकडे ती मुंबई शहरात शिरू शकत नाही. अंधेरीहून लोकल? शुक्रवारी संध्याकाळी, गुडघे दुखणाऱ्या आईला आणि संत्र्यांच्या खोक्याला घेऊन? हे मी बोललोसुद्धा नाही.

राहता राहिली मेट्रो. टर्मिनलसमोरच तिचे स्थानक. संबंध मार्गाचे भाडे सत्तर रुपये, म्हणजे आमचे त्याहूनही कमी. बसायला जागा, थंड हवा, आणि मुख्य म्हणजे मध्ये एकही सिग्नल नाही. हे मला ठाऊक होते, सौभाग्यवतींना ठाऊक होते, मुलांना तर तोंडपाठ होते. पण बोलायचे कोणी? आम्ही चौघेही टॅक्सीच्या रांगेकडे पाहत उभे राहिलो. चिरंजीव खोक्यावर बसले. कन्येने माझ्याकडे पाहिले, मी तिच्या आईकडे, तिने आभाळाकडे.

आईने विचारले, "रांग हलत का नाही?"

मी म्हटले, "हलेल. शुक्रवार आहे ना."

वीस मिनिटे गेली. डिसेंबर असला तरी मुंबईचा डिसेंबर तो. आईच्या कपाळावर घाम आला होता आणि ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होती. शेवटी चिरंजीवांना राहवले नाही. "आजी, मेट्रोनं गेलो असतो तर आत्ता दादर आलं असतं," असे ते म्हणून गेले. सौभाग्यवतींनी डोळे वटारले. पण बाण सुटला होता.

आई काही वेळ बोलली नाही. मग तिने नातवाला विचारले, "गिरगावात तिचं स्टेशन नक्की कुठं आलंय?"

त्याने मोबाइलवर नकाशा काढून दाखविला. आईने चष्मा पुसला, मोबाइल हातात घेऊन जरा लांब धरला. तिला नकाशा कळत नाही अशी आमची समजूत. पण ठाकुरद्वारचा नाका तिने बोटाने शोधला, तिथून बोट हळूहळू सरकवीत नेले आणि एका जागी थांबविले. बराच वेळ ते बोट तिथेच होते.

"टॅक्सीवाला कुठं सोडील?"

"मावशीच्या वाडीच्या तोंडाशी," मी म्हणालो.

"आणि ही मेली आपल्या दारात सोडतेय," आई म्हणाली. मोबाइल परत केला, पिशवी खांद्याला अडकवली. "चला. बघू तरी."

खरे सांगतो, मला आनंद व्हायला हवा होता. पण पोटात गोळाच आला. टॅक्सीने गेलो असतो तर ती रिकामी जागा तिच्यापासून दोन दिवस लपवता आली असती. लग्नाकार्यात माणसे भेटतात, बोलणी होतात, आणि परत निघायची वेळ येते. तसे निभावून नेता येईल असा माझा बेत होता. तो आता मोडला.

स्थानक समोर असले तरी सामानासह तिथवर जाणे हे काही पाच पावलांचे काम नव्हे. पाट्या पाहत, एकदा चुकत, एकदा विचारीत आम्ही पोचलो. कुटुंबासह जाणाऱ्यांना माझा एक सल्ला : सरकत्या जिन्याच्या मोहात न पडता लिफ्ट कुठे आहे ते आधी शोधावे. आमच्या पुढचे एक गृहस्थ मोठी बॅग घेऊन सरकत्या जिन्यावर चढले. ते वर उभे राहिले आणि बॅग स्वतंत्रपणे खाली गेली.

खाली पुन्हा सामानाची तपासणी. पुन्हा अडकित्ता! यंत्राशी बसलेल्या मुलीने पिशवी बाजूला घेतली. "आजी, यात लोखंडी काय आहे?" आईने अडकित्ता काढून तिच्या हातात ठेवला. मुलीने तो उघडला, मिटला. तिची नजर आईच्या हातांवर गेली. "माझ्या आजीकडं होता असा," म्हणाली. "पिशवीतच राहू द्या, बाहेर काढू नका." आईने तिला संत्रे देऊ केले. ते तिने घेतले नाही, ड्यूटीवर होती.

फलाटावर रुळांच्या आणि आपल्या मध्ये काचेची भिंत असते. गाडी आली की तिच्यातली दारे आणि गाडीची दारे एकदम उघडतात. उंबरठा म्हणून काही नाहीच. आई दाराशी क्षणभर थबकली. शपथ आठवली असावी. मागून कोणीतरी "चला आजी, चला" म्हणाले, सौभाग्यवतींनी दंडाला धरले आणि ती आत आली. एका तरुणाने लगेच उठून जागा दिली. आई बसली, पदर सारखा केला आणि पाय जमिनीपासून किंचित वर धरले, असे मला वाटले. माझा भासही असेल. दोन स्थानकांनंतर ते टेकलेले होते.

भुयारी प्रवासात पाहण्यासारखे काही नसते, असे मी समजत होतो. खिडकीबाहेर काळोख, मोबाइल मुका झालेला, प्रत्येक जण समोरच्याच्या बुटांकडे पाहतो आहे. पण आईने थोड्याच वेळात निराळाच प्रकार सुरू केला. स्थानकाचे नाव पुकारले, की त्याच्या डोक्यावर काय आहे ते ती नातवंडांना सांगू लागली. सांताक्रूझ आले तेव्हा मामाची टॅक्सी निघाली, टपावरच्या दोरीसकट. बीकेसी आल्यावर ती म्हणाली, "हे मला माहीत नाही. आमच्या वेळी इथं चिखल होता."

मग तिने एकदम विचारले, "माहीमची खाडी गेली का?"

बीकेसी आणि धारावी यांच्यामध्ये हा मार्ग मिठी नदीच्या खालून जातो. माहीमच्या खाडीला मिळते तीच ही नदी. मी म्हटले, "आत्ता आपण तिच्या खालूनच चाललोय."

"मग वास कसा आला नाही?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. वरून बांध, बाजूने सेतू आणि आता पोटातून भुयार, खाडी तीच. पण 'आली मुंबई' म्हणायचे ते कशावरून, हा प्रश्न आईने बरोबर विचारला होता.

शीतलादेवीच्या नावाला तिने हात जोडले. दादर आले तेव्हा जरा गप्प झाली, कारण वर माहेर होते. म्हणजे आता तिथे कोणी नाही. पण माहेर ते माहेर. नवी नवरी असताना ती बोरीबंदरहून दादरला ट्रामने जात असे, आणि १९६४ साली ट्राम बंद झाली तेव्हा 'माझी माहेरची वाट बंद केली' म्हणून ती वडिलांवर रुसली होती म्हणे. ट्राम काही वडिलांनी बंद केली नव्हती. सिद्धिविनायकाला पुन्हा हात जोडले गेले. आणि पुढे जेव्हा ध्वनिक्षेपकातून 'आचार्य अत्रे चौक' असे शब्द आले, तेव्हा ती मोठ्याने हसली.

"अत्रे जमिनीखाली?" ती म्हणाली. "त्यांचा आवाज शिवाजी पार्कात ध्वनिक्षेपक बंद पडला तरी ऐकू यायचा."

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना ती तिच्या वडिलांचे बोट धरून नव्हे, चांगली पंधरा-सोळा वर्षांची असताना शेजारणींबरोबर गेली होती. घरी अत्र्यांचा 'मराठा' येत असे. तो १९५६ साली निघाला तेव्हापासून. हे ती नातवंडांना सांगत होती आणि आजूबाजूचे चार लोक मान वळवून ऐकत होते. जागा देणारा तरुण म्हणाला, "आजी, पुढं हुतात्मा चौक पण आहे." आई म्हणाली, "माहीत आहे. पण आम्ही अलीकडे उतरणार."

मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकाला जगन्नाथ शंकर शेट यांचे नाव दिले आहे, हे मला फार योग्य वाटले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी सुटली, ती आणण्याच्या खटाटोपात नाना शंकरशेट होते. आणि आमच्या गिरगावच्या रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे. हे मी मुलांना सांगणार होतो. पण ग्रँट रोड गेले आणि आई उठून उभीच राहिली. एक स्थानक आधी उठून दाराशी जायचे, ही लोकलची सवय. तिने पिशवी पोटाशी धरली होती. तिच्या हाताची बोटे पांढरी पडलेली मला दिसली.

पुढील स्थानक, गिरगाव.

फलाटावर माणसांचा लोंढा जिन्याकडे गेला. आई मात्र जागची हलेना. तिने मान वर करून छताकडे पाहिले. छतावर दिवे, पांढरे पत्रे, नळ्या. "आपण खोल आहोत का रे?" तिने विचारले. मी म्हटले, "बरेच." ती म्हणाली, "म्हणजे आत्ता वर आपली मोरी असेल, नाहीतर नळाचा चौक." कन्येने तिचा हात धरला. कोणी काही बोलले नाही.

भुयारातून वर येणाऱ्या माणसाला दिशा राहत नाही. जन्मभर गिरगावात काढलेला मी, बाहेर पडायच्या वाटांच्या पाट्या वाचत नवख्यासारखा उभा होतो. मी एक वाट धरली आणि ती चुकीची निघाली. म्हणजे आम्ही बाहेर आलो ते भलत्याच तोंडाने. संध्याकाळ मावळली होती, दिवे लागले होते. समोर गाड्या, कुठे अजून उरलेले कठडे, नवे बांधकाम, हिरवे कापड. आई म्हणाली, "हे गिरगाव नव्हे." मलाही क्षणभर तसेच वाटले.

आणि मग तिला समोरच्या बाजूला वाण्याचे दुकान दिसले. पाटी नवी होती, पण दुकान तेच. आम्ही गॅलरीत उभे राहून त्याला ओरडून शेर-अर्धा शेर गूळ सांगायचो, तेच.

यानंतर आईने जे केले ते मी आधी समजलोच नाही. ती पदपथावरून हळूहळू, एकेक पाऊल, बाजूला सरकू लागली. डोळे दुकानावर. दोन पावले डावीकडे, थांबली, पाहिले, आणखी एक पाऊल. लोक तिला वळसा घालून जात होते. एका हातगाडीवाल्याने 'बाजूला, माई' म्हटले, पण तिचे लक्ष नव्हते. आणखी अर्धे पाऊल. मग ती थांबली.

"गॅलरीतून दुकानाचा डावा खांब असा दिव्याच्या मागं जायचा," ती म्हणाली. "इथं. आपली गॅलरी इथं." मग तिने मान वर केली, जिथे आता नुसते आभाळ होते, आणि बोट दाखवून नातवंडांना म्हणाली, "पण तिथं. दुसऱ्या मजल्यावर."

दोन्ही मुले वर पाहत राहिली. चिरंजीवांनी काय पाहिले देव जाणे, पण ते गंभीरपणे म्हणाले, "बऱ्यापैकी उंच होती की!" आई म्हणाली, "मग! तुझा बाप तिथनं डोकं अडकवून बोंबलत होता, तो थेट नाक्यापर्यंत ऐकू जायचा."

याच वेळी सौभाग्यवतींच्या लक्षात आले, की संत्र्यांचे खोके कोणाच्याच हातात नाही. ते फलाटावर, आई छताकडे पाहत होती तिथे, राहिले होते. चिरंजीव धावत खाली गेले. आम्ही दहा मिनिटे त्या जागेवर, म्हणजे आमच्याच घराखाली, सामान मांडून बसलो. आई बॅगेवर बसली. तिने अडकित्ता काढला, सुपारी कातरली, मला दिली, स्वतः तोंडात टाकली. त्या दहा मिनिटांत ती शेजारपाजाऱ्यांपैकी कोण कुठे गेले ते मोजत होती. बोरिवली, डोंबिवली, विरार, पुणे, दोघे अमेरिकेत, चौघे तर वरच गेले. खोके सापडले. रखवालदाराने ते जपून ठेवले होते, आणि याने तिथेच उघडून त्याला दोन संत्री दिली. ती त्याने घेतली.

मावशी वाडीच्या तोंडाशी काठी टेकून उभी होती. दोघी बहिणी सहा वर्षांनी भेटत होत्या. गळ्यात पडणे, डोळे पुसणे, 'किती वाळलीस' वगैरे झाल्यावर मावशीने विचारले, "टॅक्सीला किती वेळ लागला गं?"

"टॅक्सीनं कोण येतंय?" आई म्हणाली. "मेट्रोनं आलो. दारात उतरलो."

मावशी माझ्याकडे पाहू लागली. मी खोके उचलून जिना चढू लागलो.

सहस्रचंद्रदर्शन यथासांग झाले. तीन दिवसांत आईने मावशीला दोनदा स्थानकापर्यंत नेऊन आणले आणि लिफ्ट कुठे आहे, पाटी कुठली पाहायची, हे सगळे समजावून दिले; मावशी स्वतः मेट्रोत अजून बसली नव्हती. परतीचे विमान सकाळी सव्वासहाचे होते. पहाटे चार वाजता निघायचे म्हटल्यावर आईने पिशवी खांद्याला अडकवली आणि विचारले, "किती मिनिटांनी आहे गाडी?"

मेट्रो पहाटे नसते, ती सहाच्या सुमारास सुरू होते, हे तिला सांगावे लागले. तिला ते मुळीच पटले नाही. "एवढं घर घेतलं आणि पहाटे बंद?" म्हणाली. शेवटी मोठी टॅक्सी बोलावली. मरीन ड्राइव्हवरून सागरी किनारा मार्ग, तिथून सरळ सेतू. एकही दिवा लाल नाही, पुढे-मागे कोणी नाही. अर्ध्या तासात टर्मिनल आले. सेतूवरून दिसणारी पहाटेची मुंबई मी मुलांना दाखवीत होतो. आई मागच्या बाकावर, पिशवी पोटाशी धरून, गाढ झोपली होती.